कोयनेची 'भूकंपाची भेग' बघायला जाताय? जीपवाल्याला पैसे द्यायच्या आधी हे वाचा

सरळ सांगतो, कोयनेला जा, जरूर जा, पण 'साहेब, सदुसष्टच्या भूकंपाची भेग दाखवतो' असं कुणी म्हणालं की हात जोडा आणि पुढे चालायला लागा. आम्ही दोघांनी 3500 रुपये दिले, एक आख्खा दिवस घालवला आणि जे दाखवलं ते भूकंपाचं नव्हतंच. अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

बरोबर जो मित्र होता त्याचं एमएस्सी जिऑलॉजी झालंय, त्यामुळे ट्रिपचा हेतूच तो होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे चारच्या सुमारास 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर झोपेतच कोसळलं, जवळपास 180 माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाची भीती नाही असंच सगळे धरून चालायचे. त्या भूकंपानंतर दोणीचावाडा, कडोली या भागात जमिनीला भेगा पडल्याची नोंद आहे. एक सरळ लांब भेग नाही, तर एकीमागे एक अशा तिरक्या भेगांची रांग. जमीन वरखाली न होता आडवी सरकली की अशा भेगा पडतात, यालाच स्ट्राइक-स्लिप म्हणतात. भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या चिरेच्या, एका बाजूला उभं राहून समोर बघितलं तर पलीकडची बाजू डावीकडे गेलेली, असा हा प्रकार.

कराडहून एसटीने पाटण, पाटणहून कोयनानगर. रस्ता ठीक, नाष्टा ठीक, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता जीप. जायच्या आधी भाव ठरला 2000, 'वर अर्धा तास चालायचं'. पोचल्यावर वाटाड्याचे वेगळे, थांबायचे वेगळे, असं करत 3500. आणि तो अर्धा तास म्हणजे पावणेतीन तास. सुरुवातीची गुरांची वाट चांगली आहे, पण दांड उतरून ओघळीत शिरलात की पुढचा साधारण 300 मीटरचा घसारा अत्यंत वाईट आहे. खाली सुटा मुरूम, त्यावर वाळलेलं गवत, हाताला धरायला कारवी आणि ती मुळासकट हातात येते. नोव्हेंबरमध्ये ही अवस्था, पावसाळ्यात तर जळवा आणि शेवाळ, तेव्हा विचारही करू नका. मित्र दोनदा सरकला, दुसऱ्यांदा पाचसहा फूट खाली गेला आणि कोपर फुटलं. ग्रिपवाले बूट घातले असूनही. ट्रेकिंगची सवय असेल तर उतरता येतं, प्रश्न तो नाही, प्रश्न हा की कशासाठी उतरायचं?

कारण खाली जी भेग होती ती दरड सरकल्याची होती. उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी वाकलेली, खालची बाजू हातभर खचलेली, आणि कडेची लाल माती इतकी ताजी की तुटलेली गवताची मुळं अजून लोंबत होती. पन्नासपेक्षा जास्त पावसाळे, तेही कोयनेचे, खाल्लेली भेग अशी दिसेल का? भ्रंशाची भेग उतार बघून वाकत नाही, चढ असो ओढा असो, आपल्या दिशेने जाते. मित्राने हे वाटाड्याला नीट समजावून सांगितलं, तो म्हणाला सगळ्यांना हीच दाखवतो. सगळ्यांना!

मुळात इथला भ्रंश वरून बघण्यासारखा नाहीच. आपण ज्यावर उभे असतो तो काळा कातळ, म्हणजेच बेसाल्ट, हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, आणि त्याच्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइट. कोयनेच्या पट्ट्यातला भूकंप त्या ग्रॅनाइटमध्ये जन्मतो, वर किलोमीटरभर जाडीचं कातळाचं झाकण. याच पट्ट्यातल्या गोठणे गावाला तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, तिथे ग्रॅनाइट लागायला सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट भेदावा लागला. धरणात 1962 पासून पाणी साठायला लागलं आणि जमीन हलायला लागली, पाण्याचा भार आणि खाली झिरपून वाढलेला दाब यामुळे आधीच ताणलेला भ्रंश सुटला असं मानतात. तेव्हापासून 20 गुणिले 30 किलोमीटरच्या या एवढ्याशा भागात 5 च्या वरचे वीसपेक्षा जास्त भूकंप झालेत. एवढं सगळं पायाखाली चालू आणि वर दिसतं काय, तर कारवी आणि नाचणीची वावरं.

परत येताना एका घरी पाणी मागितलं आणि खरी ट्रिप तिथे झाली. आजी सत्तरीच्या, तेव्हा बारातेरा वर्षांच्या. नाचणी पाखडता पाखडता बोलत होत्या. 'आधी आवाज आला बाळा, डोंगरातनं गाडी आल्यावानी. मग भिताडच आलं अंगावं.' त्यांची धाकटी बहीण त्या भिंतीखाली गेली. हे सांगताना सुपातला हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. पुढचे कित्येक दिवस थंडीत सगळं गाव वावरात छपरं घालून झोपत होतं म्हणे. मित्राने भेगांचं विचारलं तर म्हणाल्या, 'व्हत्या की, वावरातनं गेल्या व्हत्या. पेरायच्या आदी बानं दगूडमाती घालून बुजवल्या, खायला नगं व्हय?' त्यांनी जिथे बोट दाखवलं तिथे नुसता एक बांध होता. आम्ही दोघं त्या बांधावर बराच वेळ उभे राहिलो, काही सुचतच नव्हतं. घरात आलो तर चहा तयार, पैसे विचारले तर रागावल्या.

तर जाणाऱ्यांनी असं करा. भेग विसरा. हेळवाकला थांबून नदी बघा, महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत आलेली कोयना तिथे एकदम काटकोनात पूर्वेला वळते, आणि त्याला एक पैसा लागत नाही. धरण लांबूनच बघा, 103 मीटर उंच आहे, भूकंपात त्याच्या उंच भागाला तडे गेले होते आणि नंतर मागून काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत केलं. बराचसा डोंगर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, वनखात्याची परवानगी आधी घ्या, 'मी बघतो साहेब' म्हणणाऱ्यावर सोडू नका. जीप ठरवलीच तर जाऊन येऊन, थांबण्यासकट, वाटाड्यासकट एकच आकडा बोलून घ्या आणि निम्मे पैसे परत आल्यावर द्या. माणशी तीन लिटर पाणी, वर कुठेही मिळत नाही.

आणि वाड्यावस्त्यांवर साठीच्या पुढचं कुणी भेटलं तर घाई करू नका, बसा. मात्र 'भूकंपाचं सांगा' म्हणून सुरुवात करू नका, आधी शेतीपाण्याचं विचारा. घरातलं कोण गेलं हे त्यांनी आपणहून सांगितलं तरच ऐका, आणि मोबाईल खिशात ठेवा, रेकॉर्ड करू नका.