फडावर मोबाईल एक, शिकणारी लेकरं दोन

आमचं गाव धारूर तालुक्यात. दिवाळी झाली की टोळी निघते, सांगलीकडं ऊस तोडायला, अन उन्हाळा लागल्यावर परत. सासूबाई होत्या तोवर लेकरं गावी राहायची, त्या गेल्यावर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून 2023 च्या हंगामाला दोघांना सोबत नेलं. पोरगी सहावीला, पोरगं दुसरीला.

निघायच्या आधी शाळेतून दोघांचं शिक्षण हमी कार्ड घेतलं, ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत बसवून घेतात. सरांनी मोबाईलमधे दीक्षा अ‍ॅप टाकून दिलं, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ उघडतो हे मला माहीत होतं पण तो डाऊनलोड करून ठेवला की नेट नसलं तरी चालतो हे त्यांनी दाखवलं, अन तेच पुढं कामाला आलं. ई-बालभारतीवरून पुस्तकांच्या पीडीएफ पण फुकट उतरवून घेतल्या, कोपीत, म्हणजे फडावरच्या आमच्या झोपडीत, पुस्तक कधी भिजंल सांगता येत नाही.

तिकडं शाळा लांब, रस्ता सगळा उसाच्या ट्रॅक्टरचा, पोरगं एकटं कसं पाठवावं. मग अभ्यास कोपीतच. लाईट नाही, फोन शेतकऱ्याच्या वस्तीवर चार्जिंगला लावायचा, दिवसभर मुकादमाचे फोन म्हणून मालकाकडं, म्हणजे लेकरांच्या बापाकडं, लेकरांच्या हातात यायचा तो अंधार पडल्यावरच. मी भाकरी थापत बसायचे अन पोरगं शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं, अडखळलं की मला कळायचं, मग परत वाच म्हणायचे. त्याचं वाचन रेकॉर्ड करून सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचो, रेंज आली की जायचं.

मालक सुरुवातीला चिडायचे, बॅटरी संपली तर फोन कसा लागंल म्हणून. त्यांचं पण बरोबरच होतं. जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टोळीत सगळे विचारायलेत की म्हणजे आपल्या पदरात किती. पोरगी तेव्हाच शेकडेवारीचा व्हिडिओ पाहायली होती, तिनं वहीत मांडलं, टनाला 273 होते, त्याचे 34 टक्के म्हणजे 93 च्या जवळ, म्हणजे 366. मालकानं तिला तीनदा करून दाखवायला लावलं, मग शेजारच्या कोपीतल्यांना बोलवून आणलं. त्या दिवसापासून संध्याकाळी फोन ते स्वतः तिच्या हातात द्यायला लागले, अन आज काय शिकलीस ते सांग म्हणून समोर बसायला लागले. त्यांना वाचता येत नाही, पण ते ऐकायला बसले की पोरगी जास्त नीट समजून घ्यायची, कारण सांगायचं असायचं ना.

यंदा लेकरं सोबत नेणार असाल तर कार्डासाठी आठवडाभर आधी शाळेत जा, ट्रक दारात आल्यावर सही करायला कुणी सापडत नाही. अन फोनमधे जागा कमी असंल तर मेमरी कार्ड गावातूनच टाकून घ्या, व्हिडिओ लई जागा खातात.