‘आर्थिक मदत हवी आहे का?’ – अर्जातला सगळ्यात महाग प्रश्न

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज करणारी परदेशी मुलं 650 शब्दांचा निबंध महिनोन्‌महिने घोटत बसतात. ‘आर्थिक मदत मागणार आहात का?’ या प्रश्नावर मात्र अर्ध्या मिनिटात खूण करून पुढे जातात. वास्तविक अर्जाचं भवितव्य निबंधाइतकंच या होकार-नकारावर ठरतं, आणि त्याचा अर्थ प्रत्येक विद्यापीठात वेगळा असतो.

काही ठिकाणी प्रवेशाचा निर्णय घेणाऱ्यांना तुम्ही मदत मागितली आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. परदेशी अर्जदारांनाही हा नियम लावणारी विद्यापीठं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही जुनी नावं. 2022 मध्ये डार्टमथ आणि बोडन त्यांत आली. ब्राऊनने 2025 च्या प्रवेशांपासून हा नियम परदेशी मुलांना लागू केला, नोत्र दामही त्याच सुमारास. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेजं आहेत, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच विविध विषय शिकवणारी. ती आयव्ही लीगमध्ये नाहीत, म्हणून पुष्कळांच्या यादीतून गळतात. पैशाची अडचण असलेल्या मुलाने ती आधी लिहावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. (आयव्ही लीग ही मुळात आठ संस्थांची क्रीडा-संघटना, स्टॅनफर्ड आणि एमआयटी तिच्यात कधीच नव्हती.)

नीड-ब्लाइंड म्हणजे सोपं नव्हे. यांतल्या सगळ्यात चढाओढीच्या ठिकाणी शंभरातल्या चार-पाच जणांनाच जागा मिळते आणि परदेशी मुलांसाठी वाट त्याहून अरुंद असते. पण इथे ‘हो’ म्हटल्याने काही बिघडत नाही.

दुसरा गट नीड-अवेअर. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक, कॅलटेक ही अमेरिकी नागरिकांसाठी नीड-ब्लाइंड आहेत, परदेशी मुलांच्या बाबतीत मात्र मदतीची मागणी निर्णयात धरली जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची (पेन) तऱ्हा थोडी निराळी: तिथे कॅनडा आणि मेक्सिकोचे नागरिकही अमेरिकी अर्जदारांच्या रांगेत बसतात, बाकीचे परदेशी वेगळ्या. तिसरा प्रकार बर्कली आणि यूसीएलए यांसारख्या सरकारी विद्यापीठांचा. तिथे परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत मिळतच नाही. पैसे नसतील तर तिथला अर्ज म्हणजे फीचा चुराडा.

आता खरी गोम. ‘आत्ता नाही म्हण, शक्यता वाढते, आत गेल्यावर मदत मागू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. नीड-अवेअर ठिकाणी ‘नाही’ने शक्यता वाढू शकते, इथपर्यंत ठीक. पण स्टॅनफर्डचा नियम असा की, परदेशी अर्जदाराने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं त्याला ती मागता येत नाही. इतरही अनेक ठिकाणी असाच दरवाजा बंद होतो. या विद्यापीठांचा एकूण खर्च वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास आहे. पहिल्या वर्षाचे पैसे कसेबसे उभे करून दुसऱ्या वर्षी अडकलेलं मूल ना धड परत जाऊ शकतं, ना शिकू शकतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: परदेशी अर्जदारासाठी धोरण कोणतं, आणि आत्ता ‘नाही’ म्हटल्यास नंतर मागता येतं का. दोन्ही त्या विद्यापीठाच्या फायनान्शियल एडच्या पानावर असतात आणि बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षी पुन्हा पाहावीत.

गरज म्हणजे तुम्हाला वाटते ती नव्हे, कॉलेजने काढलेली. समजा वर्षाचा खर्च 88,000 डॉलर आहे आणि तुमचं कुटुंब 9,000 देऊ शकतं असं कॉलेजचं गणित सांगतं. मग गरज 79,000. त्यातले 3,000 तुम्ही कॅम्पसवर काम करून मिळवाल असं धरलं, तर ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, 76,000 ची. प्रिन्स्टनने 2001 मध्ये या गणितातून कर्ज काढून टाकलं आणि नंतर बाकी श्रीमंत विद्यापीठं त्या वाटेने गेली. इतरत्र प्रवेशासोबत येणाऱ्या मदतीच्या पत्रातल्या ‘मदती’त कर्जही मोजलेलं असू शकतं. पत्र आलं की ग्रँट, काम आणि कर्ज हे तीन आकडे आधी वेगळे करा.

हे गणित बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाईल या फॉर्मवरून होतं. कॉलेज बोर्डाचा (एसएटी परीक्षा घेणारी संस्था) हा फॉर्म 1 ऑक्टोबरला उघडतो. अमेरिकी सरकारच्या मदतीचा फाफ्सा फॉर्म परदेशी मुलांना लागू नसतो, तो भरत बसू नये. प्रोफाईलमध्ये आपल्या देशाचं चलन निवडता येतं आणि रूपांतर फॉर्म स्वतः करतो. नेमकी इथेच गडबड होते: चलन स्थानिक निवडायचं आणि आकडे मात्र डॉलरमध्ये काढून भरायचे. मग उत्पन्न कागदोपत्री नगण्य दिसतं, कराच्या कागदपत्रांशी जुळत नाही आणि फाईल अडकते. वार्षिक उत्पन्नाच्या जागी मासिक पगार लिहिण्याची चूकही तितकीच नेहमीची. कागदपत्रं इंग्रजीत नसतील तर भाषांतर जोडावं लागतं, आणि शेती किंवा धंदा असेल तर वेगळी पुरवणी मागितली जाऊ शकते. आईवडील विभक्त असतील तर बरीच कॉलेजं दोघांचेही स्वतंत्र फॉर्म मागतात. राहत्या घराची किंमत हार्वर्ड आणि प्रिन्स्टन धरत नाहीत. इतर काही धरतात. त्यामुळे एकाच कुटुंबाला दोन कॉलेजांकडून बरेच वेगळे आकडे येतात. कॉलेजांच्या संकेतस्थळांवरचे खर्चाचे कॅल्क्युलेटर मुख्यतः अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेले असतात, त्यांच्या आकड्यावर विसंबू नये.

लवकरच्या फेरीबद्दल (नेहमीच्या मुदतीआधी अर्ज, लवकर निकाल) थोडक्यात. कोलंबिया, कॉर्नेल, पेन, ब्राऊन, डार्टमथ इथला अर्ली डिसिजन बांधील असतो. निवड झाली की जायचंच, आणि त्या करारावर विद्यार्थी, पालक व शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. मदत अपुरी पडली तर सुटका होते, पण इतर कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची संधी गेलेली असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डची लवकरची फेरी बांधील नाही, मात्र ती दुसऱ्या खाजगी विद्यापीठात लवकर अर्ज करू देत नाही. एमआयटीची तशी अट नाही. पैसा निर्णायक असेल तर बांधील फेरीपेक्षा बांधील नसलेली बरी.

आणखी एक खर्च, जो मदतीच्या पत्रात ठळकपणे दिसत नाही. ट्यूशन, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमाची पुस्तकं यांपोटी मिळालेल्या ग्रँटवर अमेरिकेत कर नाही. राहण्या-जेवणाच्या वाट्यावर आहे. एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावरच्या, कराच्या दृष्टीने अनिवासी विद्यार्थ्याच्या बाबतीत विद्यापीठ त्या वाट्यावर 14 टक्के कर कापतं, दोन देशांतल्या करारात सूट असेल तर गोष्ट वेगळी. राहण्या-जेवणाला 20,000 डॉलर मिळाले, तर 2,800 डॉलर. ग्रँट थेट विद्यापीठाच्या खात्यात जमा होत असल्याने ही रक्कम बहुधा विद्यार्थ्याच्या बिलात चढते. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि त्या कमाईचा हिशेब मदतीच्या गणितात आधीच धरलेला असतो. तेव्हा पत्र हातात पडताच फायनान्शियल एड कार्यालयाला ईमेल करून विचारायचं: पहिल्या सत्रात माझ्या बिलावर किती कर लागेल, आणि तो कोणत्या तारखेला भरायचा?