गेट, यार्ड आणि बिलिंग: सेवाधारित रचनेकडे जाण्याचा माझा अनुभव

उरणजवळच्या द्रोणागिरी परिसरात आमच्या कंपनीचे कंटेनर फ्रेट स्टेशन, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर ठेवण्याचे आणि सोडवण्याचे ठिकाण, आहे आणि आमचा संगणक विभाग महापे येथे आहे. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि पुढे त्याच्या आसपास अशी अनेक स्टेशने उभी राहिली. बंदरात उतरलेला आयातीचा कंटेनर ट्रेलरवरून आमच्याकडे येतो, यार्डात ठेवला जातो, कस्टम्सकडून त्याची कागदपत्रे आणि गरज असल्यास मालही तपासला जातो, ‘आउट ऑफ चार्ज’ म्हणजे माल सोडण्याची कस्टम्सची परवानगी मिळते, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर येते, आमचे बिल भरले जाते आणि मग गेट पास निघून माल बाहेर पडतो. या साऱ्या प्रवासाची नोंद आमच्याकडे एकाच प्रोग्रॅममध्ये आणि एकाच डेटाबेसमध्ये होत असे. तो प्रोग्रॅम वाईट नव्हता. ज्यांनी तो लिहिला त्यांना काम नीट ठाऊक होते आणि वर्षानुवर्षे त्याने गाड्या अडू दिल्या नव्हत्या, हे आधीच नोंदवून ठेवते.

अडचण सुरू झाली ती बदलांची वारंवारता वाढल्यावर. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा कराची आकारणी बिलिंगबरोबरच गेट पासच्या पडद्यामागे आणि ग्राहकांना जाणाऱ्या अहवालातही स्वतंत्रपणे लिहिलेली असल्याचे दिसून आले. बिलातला एक नियम बदलायचा तर संपूर्ण प्रोग्रॅम नव्याने बसवावा लागे, आणि गेट रात्रंदिवस चालू असल्याने त्यासाठी मोकळी वेळ मिळणे कठीण होते. त्यातच शिपिंग लाइनना गेटवरच्या नोंदी कोडेको या, इडिफॅक्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेल्या संगणकीय संदेशातून लगेच हव्या होत्या, आणि सीएचए मंडळींना, म्हणजे आयातदारांच्या वतीने कस्टम्सचे काम पाहणाऱ्या दलालांना, कंटेनर कुठे अडला आहे ते फोन न करता कळायला हवे होते. जुन्या प्रोग्रॅमला अशी एकेक खिडकी पाडत राहण्याऐवजी रचनाच बदलावी, असे वरिष्ठांनी ठरवले आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली.

सेवाधारित रचना ही कल्पना १९९६ मध्ये गार्टनर या तंत्रज्ञान-सल्लागार कंपनीच्या विश्लेषकांच्या लेखनातून पुढे आली. तिचा गाभा थोडक्यात असा: मोठ्या प्रणालीतील प्रत्येक व्यावसायिक काम स्वतंत्र सर्व्हिसच्या रूपाने उभे करायचे, त्या सर्व्हिसकडे काय मागता येते आणि उत्तरात काय मिळते हे बाहेर लिखित स्वरूपात जाहीर करायचे, आत ते काम कसे होते हे मात्र इतरांपासून झाकून ठेवायचे. मागणाऱ्याने दुसऱ्याच्या डेटाबेसला थेट हात लावायचा नाही. पुढे सोप (संदेशांची ठरलेली मांडणी), डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचे लिखित वर्णन) आणि यूडीडीआय ही तंत्रे तिच्याशी इतकी जोडली गेली की अनेकांना तीच रचना वाटू लागली. त्यातले यूडीडीआय म्हणजे सर्व्हिसेसची सार्वजनिक नोंदवही. तिची सार्वजनिक केंद्रे आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी २००६ च्या जानेवारीत बंद केली. त्याच वर्षी ओएसिस या मानक संस्थेने या रचनेचे एक संदर्भ-प्रारूप प्रसिद्ध केले. त्यातल्या व्याख्येत तंत्राचे नावही नाही. वेगवेगळ्या मालकीच्या अखत्यारीत विखुरलेल्या क्षमता कशा मांडाव्यात आणि वापराव्यात, एवढाच तिचा रोख आहे. त्यातला ‘मालकी’ हा मुद्दा मला पुढच्या साऱ्या कामात सर्वांत उपयोगी पडला.

कारण आमच्यासमोर आलेला पहिला आराखडा मालकीचा विचार न करता डेटाबेसमधील तक्ते पाहून काढलेला होता. त्यात कंटेनरची एक सर्व्हिस, ग्राहकाची एक, वाहनाची एक, कागदपत्रांची एक अशी मांडणी होती. कागदावर ती सुबक दिसत होती. पण एका गाडीची गेटवरची नोंद त्या आराखड्यावर चालवून पाहिली तेव्हा प्रत्येक पायरीला गेटला दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जावे लागत होते आणि कंटेनरच्या सर्व्हिसवर सगळ्याच विभागांचा भार येत होता. त्या सर्व्हिसमधल्या नियमांबद्दल उत्तर कोणी द्यायचे, या प्रश्नाला बैठकीत कोणाकडेही उत्तर नव्हते.

मग आम्ही आराखडा बाजूला ठेवून द्रोणागिरीला जाऊन बसू लागलो. कोणत्या विभागात कोणता निर्णय होतो आणि तो चुकला तर जाब कोणाला विचारला जातो, एवढेच लिहून घ्यायचे ठरवले. त्यातून दिसले की ‘कंटेनर’ ही प्रत्येकाच्या लेखी निराळीच वस्तू होती. गेटसाठी तो एक क्रमांक, एक सील आणि बाहेरून दिसणारी मोडतोड. यार्डासाठी कोणत्या रांगेत, कितव्या थरावर आणि किती वजनाचा, म्हणजे रीच स्टॅकरने, कंटेनर उचलून रचणाऱ्या यंत्राने, तो कसा उचलायचा. डॉक्युमेंटेशनसाठी तो एका बिल ऑफ एंट्रीतली, म्हणजे कस्टम्सकडे भरलेल्या आयात-घोषणापत्रातली, एक ओळ. बिलिंगसाठी तर तो जवळजवळ एक तारीखच, कारण मोफत दिवस कधी संपले आणि ग्राउंड रेंट म्हणजे जागेचे भाडे कधीपासून लागले याच्यापलीकडे त्यांना फारसे काही नको असते. या चारही दृष्टी एका तक्त्यात कोंबल्यामुळे तो तक्ता फुगत गेला होता. म्हणून गेट, यार्ड, डॉक्युमेंटेशन आणि बिलिंग अशा चार सर्व्हिसेस ठरल्या. प्रत्येकीचा डेटा तिच्यापाशी आणि प्रत्येकीमागे जबाब देणारा एक विभागप्रमुख. चौघींमध्ये समान राहिला तो फक्त कंटेनरचा क्रमांक.

त्या क्रमांकाची पडताळणी स्वतंत्र सर्व्हिस असावी, असा आग्रह काही सहकाऱ्यांचा होता. आयएसओ ६३४६ या मानकानुसार क्रमांकात चार अक्षरे आणि सात अंक असतात. शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून काढता येतो: प्रत्येक चिन्हाच्या ठरलेल्या किमतीला स्थानानुसार १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढत जाणाऱ्या संख्येने गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे आणि बाकी पाहायची, बाकी १० आली तर ० धरायचा. जुन्या प्रोग्रॅममध्ये हा हिशेब अनेक ठिकाणी उतरवलेला होता, त्यामुळे तो एकत्र आणावा हे म्हणणे रास्तच होते. पण या नियमाला स्वतःचा डेटा नाही, तो बदलत नाही आणि त्यावर कोणा विभागाची मालकी नाही. त्यासाठी नेटवर्कवरून फेरी मारणे मला पटले नाही. आम्ही तो एका लहान लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये जोडता येणाऱ्या तयार कोडमध्ये, ठेवला आणि प्रत्येक सर्व्हिसने ती आपल्यासोबत घ्यावी असे ठरवले. जे सामाईक आहे ते सर्व्हिसच झाले पाहिजे, असा काही नियम नाही.

सर्वाधिक वेळ गेला तो सर्व्हिसेसमधल्या करारांवर. गेटने बिलिंगला विचारायचे, ‘या कंटेनरची रक्कम चुकती झाली आहे का?’, आणि उत्तर हो किंवा नाही असे यायचे, इतका तो करार सोपा वाटत होता. प्रत्यक्षात धनादेश हातात आला म्हणजे रक्कम चुकती झाली, की तो वटल्यावर? उधारीच्या ग्राहकांचे काय? काल पैसे भरले आणि गाडी आज मध्यरात्रीनंतर आली, तर एका दिवसाचे भाडे वाढले, मग कालचे उत्तर आज ग्राह्य धरायचे का? गेटवरचे सुपरवायझर ही चर्चा शांतपणे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, ‘मॅडम, धनादेशाचं तुमचं तुम्ही बघा. मला गाडी सोडायची की नाही आणि किती वाजेपर्यंत सोडायची, तेवढंच सांगा.’ करार त्यांच्या या वाक्यावरच बेतला. उत्तरात परवानगी आणि तिची मुदत असे दोनच रकाने राहिले. धनादेश, उधारी, सवलत हे सारे बिलिंगच्या आत गेले. उधारीचे नियम त्यानंतर बदलले तेव्हा गेटच्या सर्व्हिसला हात लावावा लागला नाही.

करारात ऐच्छिक रकाना वाढवता येईल, पण असलेल्या रकान्याचा अर्थ बदलायचा असेल तर नवी आवृत्ती काढायची आणि सगळे मागणारे नव्यावर येईपर्यंत जुनी चालू ठेवायची, अशी शिस्त आम्ही घातली. प्रत्येक आवृत्तीवर दोन्ही विभागप्रमुखांची सही घेतली जाते. काही सहकाऱ्यांना ही सही म्हणजे सरकारी थाट वाटतो. मला ती आवश्यक वाटते.

एका प्रोग्रॅमच्या आत एका भागाने दुसऱ्याला विचारले की उत्तर येतेच; नेटवर्कवर ते येईलच याची खात्री नसते. आणि उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असाही होत नाही. त्यामुळे उत्तर न आल्यास काय करायचे, हा निर्णय आम्ही स्वतः न घेता व्यवस्थापनाकडे नेला. ठरले असे की आत येणारी गाडी कोणत्याही कारणाने रोखायची नाही आणि बाहेर जाणारी गाडी उत्तराशिवाय सोडायची नाही. यावरून तांत्रिक रचना आपोआप निघाली. बाहेर जाताना गेट थेट विचारते आणि थांबते. आत येताना ते फक्त नोंद रांगेत टाकते आणि मोकळे होते. यार्ड आणि बिलिंग ती आपापल्या गतीने उचलतात.

रांगेतला संदेश हरवणार नाही एवढी हमी मिळते, पण तो दोनदा पोहोचू शकतो. बिलिंगने दोन्ही वेळा हाताळणीची रक्कम लावली तर ग्राहक भांडायला येणारच. म्हणून प्रत्येक नोंदीला गेटवरच एक स्वतंत्र ओळख-क्रमांक दिला जातो आणि तो आधी पाहिला असेल तर बिलिंग ती नोंद पुन्हा लावत नाही.

चार ठिकाणच्या डेटात एकाच वेळी बदल करणे आणि एक जरी फसला तरी सगळे मागे घेणे, ही जुन्या डेटाबेसची सोयही गेली. त्याऐवजी १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी ‘सागा’ या नावाने मांडलेली पद्धत घेतली: लांबलचक व्यवहाराचे लहान लहान पूर्ण व्यवहार करायचे आणि पुढचा अडला तर आधीच्यांवर उलट परिणाम करणारे व्यवहार चालवायचे. संगणकाच्या मंडळींना ही पद्धत समजावताना मला बरेच बोलावे लागले, लेखा विभागाला अजिबात नाही. झालेले बिल ते कधीच खोडत नाहीत. त्या रकमेची वजावट देणारी क्रेडिट नोट काढतात.

सर्व्हिसेसना जोडणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे एंटरप्राइझ सर्व्हिस बसकडे, आम्ही संदेश पोहोचवणे आणि त्यांचे रूप बदलणे एवढेच ठेवले. गेटची नोंद कोडेकोमध्ये बसवून शिपिंग लाइनकडे पाठवणे हे तिचे काम. एखाद्या लाइनला किती मोफत दिवस द्यायचे, हे तिचे काम नाही. तसे नियम तिच्यात टाकण्याचा मोह घाईच्या वेळी प्रत्येकाला होतो, कारण तिथे बदल करणे सोपे असते, आणि तसे होऊ दिले तर जुनाच प्रोग्रॅम नव्या जागी उभा राहतो.

२०१४ मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे मायक्रोसर्व्हिसेसचा, म्हणजे अगदी लहान स्वतंत्र सर्व्हिसेसच्या रचनेचा, बोलबाला झाला, आणि आम्ही आणखी बारीक तुकडे का केले नाहीत असे नवे सहकारी विचारतात. तुकडे सांभाळायला तेवढे लोक नाहीत, हे त्याचे खरे उत्तर आहे.

अहवालांची मात्र अडचण वाढली. पूर्वी डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात (क्वेरीत) सगळ्या विभागांची माहिती जोडता येई. आता चारही सर्व्हिसेस आपली माहिती रात्री एका वेगळ्या डेटाबेसला देतात आणि अहवाल तेथून निघतात. त्यामुळे सकाळच्या अहवालात आदल्या दिवसापर्यंतचेच चित्र असते, आणि ही तक्रार वाजवी आहे.

बिलिंग आधी वेगळे काढले, मग डॉक्युमेंटेशन, मग गेट. यार्ड अजून जुन्या प्रोग्रॅममध्येच आहे. बाहेरून त्यालाही कराराचे दार बसवले आहे, त्यामुळे इतरांना ते सर्व्हिससारखेच दिसते. सध्या त्याच्या आणि डॉक्युमेंटेशनच्या करारात ‘होल्ड’ या एका रकान्यावर गाडी अडली आहे. कस्टम्सने रोखलेला कंटेनर जागचा हलवायचा नसतो, तर शिपिंग लाइनने रोखलेला यार्डात इकडून तिकडे ठेवता येतो, फक्त बाहेर सोडता येत नाही. यार्डाला हे दोन वेगळे रकाने हवे आहेत, डॉक्युमेंटेशनला एकच हवा आहे, आणि दोन्ही विभागप्रमुखांची पुढची बैठक द्रोणागिरीला ठरली आहे.