४१२ मीटरवर खाली बसलेली रेघ

सीटीडी म्हणजे समुद्राच्या पाण्याची वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं, जहाजावरून सोडायचं यंत्र. त्यावर तापमान आणि वाहकतेच्या सेन्सरच्या दोन जोड्या असतात. ती पाण्यात उतरवताना स्क्रीनवर मी सगळ्यात आधी एक कंटाळवाणी रेघ उघडतो: पहिल्या जोडीची क्षारता वजा दुसऱ्या जोडीची. सगळं ठीक असेल तर ती शून्याला चिकटून राहते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही.

त्या दिवशी काम दुहेरी होतं. २००० मीटरपर्यंत सीटीडी न्यायची, आणि ती वर आली की तिथेच आर्गो या जागतिक मोहिमेचा फ्लोट, म्हणजे आपोआप वर-खाली होणारं मोजयंत्र, सोडायचा. फ्लोट १००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरून मोजत मोजत वर येतो, उपग्रहाला माहिती देतो आणि पुन्हा बुडतो. तो सहसा परत हाती लागत नाही. त्याचा सेन्सर खरं सांगतो का, हे ताडून पाहायला जवळच घेतलेली जहाजावरची सीटीडी हा चांगला आधार. सीटीडीच चुकली, तर खापर फ्लोटवर फुटणार.

सुरुवात नेहमीसारखी झाली. १० मीटरवर थांबलो. खारं पाणी लागल्यावर मिनिटभराने, सेन्सरमधून पाणी खेचणारा पंप चालू होतो. नळ्यांतली हवा निघायला आणखी दोन मिनिटं दिली. मग पृष्ठभागापर्यंत आणून खाली सोडली: पहिले १०० मीटर मिनिटाला ३० मीटरने, पुढे ६० ने. रेघ ०.००१ च्या आत.

४१२ मीटरवर ती एकदम खाली बसली. उणे ०.०२८.

सीटीडीची तार सोडणाऱ्या विंचवरून विचारणा आली, “थांबवायचं का?”

“नको, जाऊ दे.” दुसरी जोडी शाबूत असेल तर अर्ध्यातून परत फिरण्यात फक्त वेळ जातो. पण ती शाबूत आहे हे ठरवायचं कशावरून?

क्षारता थेट मोजत नाहीत. वाहकता, तापमान आणि दाब यांवरून काढतात. तापमान ०.००१ अंशाने चुकलं तर क्षारताही साधारण तेवढीच हलते. इथे दोन्ही तापमानं ०.०००६ अंशाच्या आत जुळत होती, म्हणजे दोष त्यांच्या माथी मारता येईना. पंपात हवा अडकली असती तर गोंधळ वरच्या काही मीटरांतच दिसला असता. खोलीवर दाबाने बुडबुडा आकसतो आणि पंप पाणी ओढू लागतो. (हवा सोडणारं सूक्ष्म भोक मिठाने बुजलं की हे होतं. बारीक तारेने ते मोकळं करायला लोक हमखास विसरतात.) राहिली वाहकतेची नळी.

ही काचेची बारीक नळी, आत प्लॅटिनमचे तीन इलेक्ट्रोड. आत काही अडकलं की विजेला वाट कमी उरते आणि वाहकता खरीपेक्षा कमी दिसते. म्हणून दोघांत वाद लागला की माझा पहिला संशय कमी सांगणाऱ्यावर. इथे ती पहिली जोडी होती. तिच्याच नळीवर पुढे ऑक्सिजनचा सेन्सर बसवलेला, आणि त्याचा आकडाही त्याच खोलीवर दोन मीटरांत पायरीसारखा उतरला होता. हा सेन्सर मोजताना पडद्यालगतचा ऑक्सिजन स्वतःच खातो; प्रवाह मंदावला की ताजं पाणी पोचत नाही आणि आकडा पडतो. वाट तुंबली होती, हे नक्की.

वर येताना १५०० मीटरच्या थांब्यावर रेघ आपोआप उसळून उणे ०.००४ वर आली. ऑक्सिजनही ठिकाणावर आला. अडकलेलं निसटलं होतं. ‘सुधारलं’ म्हणून सोडून द्यायचा मोह इथेच होतो, पण रेघ शून्यावर आली नव्हती.

दोन सेन्सर एवढंच सांगतात की त्यांच्यातला एक चुकतोय. तिसरा साक्षीदार सीटीडीच्या चौकटीवरच्या बाटल्यांतलं, वेगवेगळ्या खोलीवर पकडलेलं पाणी. प्रत्येक थांब्यावर ३० सेकंद थांबून बाटली मिटवली, कारण चौकट वर येताना खालचं पाणी सोबत ओढून आणते. डेकवर आल्यावर आधी गळती तपासली: वरची हवेची झडप बंद ठेवून तोटी उघडायची, पाणी वाहत राहिलं तर ती बाटली बाद. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, मानेपर्यंत भरली, तोंड कोरडं पुसलं. झाकणाशी मिठाचा एक कण राहिला तरी आकडा फुगतो.

पहिल्या जोडीच्या नळीच्या तोंडाशी जेलीसारखा पारदर्शक धागा चिकटलेला सापडला. आत ब्रश घालायचा नाही. इलेक्ट्रोडवरचा प्लॅटिनमचा काळा थर खरवडला जातो. ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या रसायनाचं १ टक्का द्रावण सिरिंजने मिनिटभर आत-बाहेर खेळवलं, मग शुद्ध पाण्याने धुतलं.

नमुने मात्र लगेच मोजता येत नाहीत. सॅलिनोमीटर, म्हणजे प्रयोगशाळेत क्षारता मोजणारं यंत्र, त्याची टाकी २४ अंशांवर, खोली त्याहून जरा थंड, आणि बाटल्या त्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत रांगेत. फ्लोट तेवढा थांबणार नव्हता. जहाजाचा वेग जेमतेम ठेवून, मागच्या बाजूने, दोरी ओवून तो अलगद सोडला.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. प्रमाणित समुद्रजलाने, म्हणजे क्षारता आधीच ठाऊक असलेल्या पाण्याने, यंत्र जुळवून मोजलेले नमुने दुसऱ्या जोडीशी ०.००१ च्या आत बसले. २००० मीटरवर पहिली जोडी ०.०२८ ने कमी होती, १००० मीटरवर ०.००४ ने. धागा सुटला तरी आत पातळ थर उरला होता.

पहिल्या जोडीत सरसकट ०.०२८ मिळवून ती सुधारू, असं कुणीतरी सुचवलं. ते चालत नाही. नळी अरुंद झाली की चूक वाहकतेच्या प्रमाणात येते, ठरावीक बेरजेत नाही. शिवाय अडथळा एका जागी बसलेलाही नव्हता.

फ्लोटचं पहिलं प्रोफाइल, म्हणजे खालून वर येतानाची मोजणी, आलं. खोलीऐवजी समान तापमानाच्या पाण्यावर ताडून पाहिलं, कारण अंतर्गत लाटांनी थर वर-खाली होतात. १९०० मीटरच्या आसपास दुसऱ्या जोडीशी फरक ०.००३. पहिली जोडी धरली असती तर आर्गोच्या ०.०१ च्या मर्यादेपुढे तोच फ्लोट ०.०३ ने खारट ठरला असता.

नोंदवहीत लिहिलं: अंतिम क्षारता दुसऱ्या जोडीची, पहिली ४१२ मीटरपासून पुढे, वर येतानाच्या मोजणीसह, ध्वज ४ (म्हणजे चुकीची नोंद). ऑक्सिजन ४१२ मीटरपासून १५०० च्या थांब्यापर्यंत ध्वज ४.