डिकेला मराठीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाषांतराच्या कामात नव्याने आलेली मुलंमुली मला हमखास विचारतात, 'डिके' या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका शब्द कोणता? शब्दकोश उघडला की किडणे, कुजणे, सडणे, क्षय, ऱ्हास अशी रांग समोर येते आणि माणूस गोंधळतो. मी उलट विचारते, "कशाचा डिके?" ते कळेपर्यंत मला मराठी शब्द सुचत नाही, आणि सुचू नये असंच मला वाटतं.

घरातच बघा ना. दूध नासतं, भात आंबतो, भाजी विटते, खोबरं खवट होतं, टोपलीतला कांदा सडतो. लोकरीला कसर लागते. कसर लागली नाही तरी जुनं लुगडं घडीवर विरत जातं. भिंतीला लोणा लागतो, कोयंडा गंजतो, सहाण झिजते. यातलं एक क्रियापद उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा. 'लुगडं कुजलं' म्हटलं तर ते ओल्या मातीत पुरलेलं होतं की काय, असं वाटेल. दुधाला आणि लोखंडाला इंग्रजीतही वेगळे शब्द आहेत, पण लाकूड, दात, इमारत, अणू, एखादं अख्खं शहर, सगळ्यांना डिके चालतो. मराठी क्रियापद मात्र वस्तू कोणती आणि तिला ओल लागली, कीड लागली, की ती नुसती वापरून वापरून संपली, हे एका दमात सांगून टाकतं.

दाताच्या बाबतीत 'किडला' हाच शब्द ठेवा. या शब्दात एक जुनी समजूत शिल्लक आहे, दातात किडा असतो ही. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणारी माणसं आपल्या खेड्यांत होती. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही दात पोखरणाऱ्या किड्यावरचा मंत्र सापडला आहे. प्रत्यक्षात तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दातावरचं कठीण कवच विरघळतं. म्हणून कोणी 'दंतक्षय' सुचवतं. डॉक्टरांच्या अहवालात तो जरूर लिहा. पण शाळेतल्या मुलांच्या आयांसाठी पत्रक असेल, तर तिथे दात किडलेलाच बरा.

'कुजणे' हा शब्द मला शेतकऱ्यांनी शिकवला. खतावरच्या एका पुस्तिकेत मी 'सडलेलं शेणखत' लिहिलं होतं. मसुदा वाचून एक शेतकरी म्हणाले, "ताई, सडलेलं नाही, कुजलेलं." त्यांच्या तोंडी कुजणं ही चांगली गोष्ट होती. पूर्ण कुजलेलं शेणखत काळसर, भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास राहत नाही. अर्धवट कुजलेलं घातलं तर त्याच्याबरोबर हुमणीच्या अळ्या शेतात जातात आणि पिकाची मुळं खातात. सडण्यात वाया जाणं आहे. कुजण्यात, शेतात तरी, पुढचं पीक आहे. शहरात आपण हा शब्द घाण म्हणून टाकून दिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विज्ञानाच्या पुस्तकात डिके आला की मी 'क्षय' लिहिते. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे अणू ५,७३० वर्षांत निम्मे उरतात, पुढच्या तेवढ्याच वर्षांत त्याच्याही निम्मे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात मिळालेल्या कोळशाचं वय याच हिशेबाने काढलं गेलं. इथे काही किडत नाही की कुजत नाही; कार्बनचा अणू नायट्रोजनचा होतो, इतकंच. क्षय म्हटलं की लोकांना आधी रोग आठवतो, ही अडचण खरी आहे. पण पंचांग उघडा. सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपणाऱ्या तिथीला आपण क्षयतिथी म्हणतो. ती आजारी नसते, मोजणीतून गळते. अणूंचंही तेच आहे, म्हणून हा शब्द मला तिथे चपखल वाटतो.

हे सगळं असूनही डिकेचं मूळ फार साधं आहे. लॅटिनमधल्या 'कादेरे' या क्रियापदाचा अर्थ पडणं. डिके म्हणजे खाली पडत जाणं. माझ्या पिढीने हा मूळ अर्थ आभाळात अनुभवला. १९७९ च्या जुलैमध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक कोणाच्या डोक्यावर पडणार, या भीतीने आमच्या गल्लीतही लोक रात्री उशिरापर्यंत बाहेर बसत. सूर्यावरची हालचाल वाढल्याने वातावरणाचे वरचे थर तापून फुगले होते, यानाला त्यांचा विरोध वाढला आणि त्याची कक्षा खाली खाली येत गेली. इंग्रजीत त्याला कक्षेचा डिके म्हणतात. ११ जुलैला तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. मराठीत मी 'कक्षा खालावणे' लिहिते.

खालावणे. माणसाच्या प्रकृतीलाही आपण तेच म्हणतो. डॉक्टर तिथे डिके म्हणत नाहीत, 'डिटिरिओरेट' म्हणतात. त्याचं मूळ 'अधिक वाईट' असं आहे, त्यात पडणं नाही. मराठीत त्याला निदान दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यातला फरक मला आईच्या आजारपणात कळला. अतिदक्षता विभागाबाहेर संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, कंडिशन डिटिरिओरेट होतेय. मी सांगलीला मावशीला फोन केला. "तब्येत खालावलीय," मी म्हणाले. 'ढासळलीय' हा शब्द ओठावर आला होता, मी तो गिळला. ढासळणं हे भिंतीचं, बुरुजाचं. ढासळलेलं पुन्हा उभं राहत नाही. खालावलेलं वर येऊ शकतं.

मावशीने तेच ऐकलं. "मग सकाळच्या गाडीने निघते गं," ती म्हणाली. मी बरं म्हणाले.

आई पहाटे गेली. मावशी दुपारी पोचली. मला ती काही बोलली नाही, आजवर बोललेली नाही. पण रुग्णालयांची संमतिपत्रं आणि नातेवाइकांसाठीची माहितीपत्रकं माझ्याकडे भाषांतराला येतात तेव्हा त्या एका शब्दापाशी मी थांबते, इंग्रजी वाक्य पुन्हा वाचते, शंका असेल तर फोन करून विचारते. आणि उत्तर तसंच असेल, तर ढासळणे लिहिते.