४१२ जाणार

मंगळवार, रात्री

दुपारपासून डोक्यात तेच चाललंय. आमच्या गुरं बघणाऱ्यांच्या ग्रुपवरचा मेसेज तसा साधाच होता, की महिनाअखेरीला मोठे चार खोंड कॉमनवरून, म्हणजे चराईच्या माळावरून, हलवणार, आणि खाली चार नंबर, त्यात ४१२. हलवणार म्हणजे कुठे ते लिहिलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. एकाने फक्त टाकलं, मीटचे बॉक्स या वेळी लवकर बुक करा, गेल्या वर्षी स्टेक संपले होते. त्यावर हसण्याच्या स्माइल्या. मी अंगठा टाकला.

तो अंगठा का टाकला हेच कळत नाहीये.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही, ट्रेनिंगलाच स्पष्ट सांगितलं होतं. आणि मी काय शाकाहारी आहे का, रविवारचं मटण माझ्याच हातचं असतं. बीफ नाही खात, पण तेही देवाधर्मासाठी नाही, घरात कधी आलंच नाही म्हणून. मग मी काही लिहिलं असतं तर सगळ्यांनी मान वाकडी करून "हो ना, तुमच्यात गाय..." असं म्हटलं असतं आणि ते मला नको होतं. आणि त्यात ४१२ गायसुद्धा नाही!

सकाळीच भेटला होता. चॉबमला, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या माळावर, रात्रभर पाऊस पडून गेलेला, हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग आता विटायला लागलाय, लांबून एम-थ्री मोटरवेवरच्या गाड्यांची घरघर. मोजले तर एक कमी. कळप सोडून एकटं उभं असलेलं जनावर म्हणजे काहीतरी दुखतंय, हे पहिलं शिकवतात, म्हणून बूट भिजवत मी शोधत गेले तर हे महाराज बर्चच्या रोपट्यांत मान घालून उभे. जीभ बाहेर काढायची, करड्या रंगाची, चांगली लांब, फांदीला वेढा घालायचा आणि पाला ओरबाडून घ्यायचा. पोटावरच्या पांढऱ्या पट्ट्याला चिखल लागलेला, त्याचे केस कुरळे होऊन चिकटलेले. पाय बघितले, डोळे, नाक, शेण. सगळं ठीक. मी आहे का नाही याचं त्याला काही नाही.

त्यांना तिथे ठेवलंय ते याच कामासाठी. तो माळ आपोआप राहत नाही, हजारो वर्षं माणसांनी गुरं चारली, सरपण नेलं म्हणून राहिला, विसाव्या शतकात चराई थांबली आणि बर्च-पाइन घुसले. ब्रिटनमधला असा ८० टक्क्यांच्या वर माळ १८०० पासून गेलाय. मग हे स्कॉटलंडचे केसाळ गॅलोवे आणले, गवताचे झुपके खातात, रोपटी मोडतात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या नाइटजार पक्ष्याला मोकळी जागा राहते. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला उत्साहाने सांगते. नंतर त्यांचं काय होतं हे कोणी विचारलं की मात्र मी घाईत असते.

घरी सांगितलं तर हा म्हणाला, मग नाव कशाला ठेवायचं? नाव ठेवलेलंच नाही रे, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आहे तो. त्याने "तेच म्हणतोय मी" असा चेहरा केला. इथे असं काही बोलायला माणूसच नाही, खरंच, सगळ्यांना हवामानावर बोलायचं असतं. असो.

चारला आईला फोन लावला, ती जेवून बसलेली असते तेव्हा. वाटलं ती तरी हळहळेल. ती म्हणाली, "अगं जनावर पाळलं म्हणजे विकणं आलंच. अण्णा बैल बाजारात न्यायचे त्या दिवशी मी गोठ्याकडं फिरकायचेच नाही, भाकऱ्या थापत बसायचे." मग गाडी भाऊवर गेली. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही, त्याचा एक तसाच दावणीला उभा आहे, वैरणीचा खर्च भाऊच्या डोक्यावर, वहिनीची रोज कटकट. म्हणजे तिथे जात नाही म्हणून रडणं आणि इथे जातोय म्हणून. मला हसूच आलं.

"किती किलोचा भरेल गं तुझा तो?" आईने विचारलं.

आता आली का पंचाईत. त्याच्या खुरांचं सांगेन, शेणाचंसुद्धा सांगेन, वजन कुठून सांगू. ग्रुपवर विचारते म्हटलं.

"विचार. आणि भावही विचार."