गर्दीची आवड आणि मीटरचा काटा

गेल्या हंगामातल्या एका रविवारी वागातोरच्या टेकडीवरील एका खुल्या जागेत दुपारी तीन ते साडेसहा सायट्रान्स (वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) वाजला, त्याच मंचावरून साडेसहा ते दहा आफ्रो हाऊस (आफ्रिकी तालांवरचे, त्याहून संथ नृत्यसंगीत) वाजले, आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत आयोजकांनी निष्कर्ष काढला की गोव्यात सायट्रान्सला आता श्रोता उरलेला नाही. पुरावा म्हणून ड्रोनने टिपलेली दोन दृश्ये दाखवण्यात आली. साडेपाचच्या दृश्यात मैदान अर्धे रिकामे होते, आठच्या दृश्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या जागेची ध्वनियंत्रणा मी सांभाळतो आणि दोन्ही दृश्ये खरी असल्याचे मीच सर्वांत आधी सांगेन. परंतु त्या दोन वेळांना स्पीकरमधून प्रत्यक्ष काय बाहेर पडत होते, हे बैठकीतल्या कोणीही विचारले नाही. संगीताचा एक प्रकार मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो, तेव्हा त्याचे श्रेय किंवा दोष सरसकट लोकांच्या आवडीला दिला जातो, आणि माझा आक्षेप नेमका याच सवयीला आहे.

आमच्या कामाबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. कार्यक्रमाच्या दिवशीचे आमचे बरेचसे कष्ट आवाज वाढवण्यासाठी नसून तो जिथे जायला नको तिथे न जाऊ देण्यासाठी असतात. या जागेचा मंच पूर्वेला आहे, स्पीकर पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून उभे असतात आणि मंचाच्या पाठीमागे, उतारापलीकडे, गावातली घरे आहेत. वरचे सूर स्पीकरच्या तोंडासमोर जातात, पण खर्जाला दिशा नसते. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर असते, त्यामुळे ती खोक्याला वळसा घालून पाठीमागेही तेवढ्याच जोमाने जाते. यावर उपाय म्हणून मी सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारी खोकी, कार्डिऑइड पद्धतीने लावतो. तीन खोक्यांच्या प्रत्येक चळतीत मधले खोके उलटे, म्हणजे मागे तोंड करून ठेवायचे, त्याची पोलॅरिटी फिरवायची (म्हणजे लहरीच्या चढाच्या जागी उतार आणायचा) आणि त्याला तीन-साडेतीन मिलिसेकंदांचा विलंब द्यायचा. हे गणित जमले की मैदानातला खर्ज जवळपास टिकून राहतो आणि पाठीमागचा एकमेकांना खाऊन टाकतो. चळतीच्या मागे उभे राहून, मापनाचा माइक लावून, लॅपटॉपवर तो खड्डा पडताना पाहणे हा माझ्या कामातला सर्वांत समाधानाचा क्षण आहे. कुडाळ-सावंतवाडीकडे दशावताराच्या नाटकांना माइक लावत मी या धंद्यात आलो, आणि आवाज असा वळवता येतो हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या दिवशीचे जेवण विसरलो होतो.

या रचनेची एकच अट असते: उलट्या खोक्यापुढे किमान दोन-तीन फूट मोकळी हवा हवी. त्या रविवारी सजावटवाल्यांनी नेमकी तीच जागा घेतली. मंचामागे प्लायवुडचा भलामोठा पडदा, त्यावर माडाच्या झावळ्या आणि झेंडूच्या माळा, आणि हे सारे सबवूफरला जवळजवळ चिकटून. मी हरकत घेतली. पडदा काढला तर छायाचित्रात मंच ओका दिसेल, असे उत्तर मिळाले. हल्ली कार्यक्रमाच्या आखणीत छायाचित्रकाराचा शब्द ध्वनितंत्रज्ञाच्या वर असतो, आणि हे एकाच जागेपुरते राहिलेले नाही.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला. हा वारा मंचावरून थेट गावाकडे जातो आणि आवाजालाही सोबत नेतो. मंचावर नव्वदच्या दशकापासून हणजूणला येणारे एक वयस्कर युरोपीय डीजे होते. ते १४५ बीपीएमच्या (मिनिटाला १४५ ठोक्यांच्या) आसपास वाजवत होते, तीनशे-चारशे लोक उन्हात नाचत होते आणि पहिला दीड तास उत्तम गेला. साडेचारच्या सुमारास मोजणीचे मीटर घेऊन दोन अधिकारी आले. गावातून तक्रार गेली होती. मोजणी हद्दीवर झाली आणि आकडा मर्यादेत निघाला, तरी तोंडी सूचना मिळाली की खर्ज कमी करा. आयोजकांकडूनही वॉकीटॉकीवर तोच निरोप आला. मी सबवूफर सहा डेसिबलने आणि सगळी यंत्रणा आणखी चार डेसिबलने खाली आणली.

आकडा मर्यादेत असूनही तक्रार खरी कशी, हे इथे सांगितले पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. मात्र ही मोजणी ‘ए’ काट्यावर होते. तो काटा मंद आवाज मानवी कानाला जसा ऐकू येतो त्या बेताने आखलेला असल्यामुळे पन्नास हर्ट्झचा आवाज तो सुमारे तीस डेसिबल कमी धरतो. भिंती ओलांडून घरात शिरतो तो खर्ज, आणि मोजणीत जवळजवळ वगळला जातो तोही खर्जच. गावकरी खोटे बोलत नव्हते आणि मीटरही बिघडलेले नव्हते. नियमाने चुकीचा काटा निवडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या जोडीला खर्ज फारसा न वगळणाऱ्या ‘सी’ काट्यावरची नोंद सक्तीची झाली, तर गावाचे आणि आमचे निम्मे भांडण मिटेल.

खर्ज खाली आणल्यावर मी मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलो. सायट्रान्सचा प्राण किकच्या, म्हणजे मोठ्या ढोलासारख्या, ठोक्यात आणि दोन ठोक्यांमध्ये धावणाऱ्या खर्जाच्या तीन स्वरांत असतो. १४५ बीपीएमला एक स्वर आणि त्यापुढचा स्वर यांत जेमतेम एक दशांश सेकंदाचे अंतर पडते, आणि हे सारे साधारण ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात चालते. शरीर नाचते ते या धावेवर. वरचे वळणदार ॲसिड सूर आणि घुमणारे प्रतिध्वनी हा त्यावरचा साज आहे. शिवाय आवाज कमी केला की कानाला खर्जाची जाणीव मधल्या सुरांपेक्षा फार लवकर सोडून जाते. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. त्यामुळे मी दहा डेसिबल काढले तरी कानाच्या हिशेबाने खर्ज त्याहून कितीतरी अधिक गेला होता. मैदानात किकची वरची टकटक ऐकू येत होती, हायहॅटची (झांजेची) चुरचुर ऐकू येत होती, आणि त्यांच्यामध्ये जे धावायला हवे होते ते नव्हते. साखळी गावचा माझा मदतनीस जवळ येऊन म्हणाला, “दादा, हे तर मोबाईलवर ऐकल्यासारखं वाटतंय.” त्याच्या कानावर माझा विश्वास आहे, आणि तो त्या क्षणी अगदी बरोबर होता.

मंचावरून हातवारे सुरू झाले. मिक्सरवरचे दिवे तांबडे होईपर्यंत डीजेंनी आवाज चढवला आणि तो सगळा लिमिटरने, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज रोखणाऱ्या यंत्राने, दाबून टाकला. मी मंचावर जाऊन त्या डीजेंना कानात खरी परिस्थिती सांगितली. त्यांनी वाद घातला नाही. पेनड्राइव्हमधले जुने, सुरावटींवर चालणारे ट्रॅक शोधून त्यांनी पुढचा वेळ निभावला. काही जुने नाचणारे टिकून राहिले, बाकीचे टेबलांकडे आणि बारकडे सरकले. ड्रोन उडाला तो याच वेळी.

साडेसहाला आफ्रो हाऊस सुरू झाले तेव्हा यंत्रणा त्याच पातळीवर होती. मैदान तरीही भरू लागले, आणि ते भरणारच होते. १२० बीपीएमच्या या संगीतात किक असतेच, पण त्याचा डौल शेकर, कोंगा, हाताने वाजवल्यासारखे ढोल आणि माणसाचा गळा यांवर उभा असतो, आणि हे सारे कान मंद आवाजातही ज्यांना सोडत नाही त्या मधल्या पट्ट्यात येते. आफ्रो हाऊस आवाज कमी केल्यावरही आफ्रो हाऊसच राहते. त्यात सातच्या सुमारास वारा पडला, हद्दीवरचा आकडा आपोआप उतरला आणि गावाकडून फोन येणेही थांबले, म्हणून मी सबवूफरला काढून घेतलेल्यातले चार डेसिबल परत दिले. म्हणजे ज्या संगीताला खर्जाची गरज अधिक होती त्याला तो कमी मिळाला, आणि ज्याचे कमीत भागत होते त्याला अधिक मिळाला. बैठकीत दाखवलेल्या दोन दृश्यांमध्ये एवढे अंतर होते.

लोकांच्या आवडीत काही बदल झालेला नाही, असे माझे म्हणणे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॅक कॉफी या डीजेला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले, बर्लिनच्या काइनेमुझीक या डीजे मंडळींचे संगीत २०२४ पासून मोबाईलच्या रील्समधून घराघरांत पोहोचले, आणि त्या संध्याकाळीही पुणे-मुंबईहून आलेल्या मुलामुलींना गळ्याच्या जागा तोंडपाठ होत्या. परंतु मागची तीस वर्षे डोळ्यांसमोर आणली तर प्रत्येक बदलाशी वेळ आणि जागा बांधलेली दिसते. नव्वदच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर सायट्रान्सचा पूर्वज गोवा ट्रान्स घडला तो रात्रभर चालणाऱ्या नाचासाठी. उन्हात आणि दमटपणात ग्रामोफोनच्या तबकड्या वाकत असल्यामुळे गोवा गिल आणि त्यांच्यासारखे डीजे डॅट कॅसेटवर (डिजिटल ध्वनिफितीवर) वाजवत, त्यावर वेग जुळवता येत नसे, आणि म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला व शेवटी ठोक्याविना लांब सुरावटी ठेवण्याची रीत पडली. मध्यरात्री काळोखे, पहाटे उजळ, असा त्याचा क्रम असे. रात्री दहानंतर खुल्या जागेत लाउडस्पीकर बंद झाले आणि या संगीताची पहाटच काढून घेतली गेली. दुपारी तीनच्या उन्हात वाजणारा सायट्रान्स हा उरलेल्या वेळेत बसवलेला सायट्रान्स आहे.

पुढे २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न हा नृत्यसंगीताचा महोत्सव सुरू झाला आणि नंतरच्या काही वर्षांत १२८ बीपीएमचे बिग रूम या प्रकारचे संगीत सर्वत्र झाले. ते तासा-दीड तासाच्या सेटसाठी, हजारोंच्या जमावासाठी आणि एलईडीच्या भिंतींसाठी घडलेले संगीत होते, त्यामुळे महोत्सवात ते शोभले आणि अडीचशे माणसांच्या क्लबात मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखे ढगळ दिसले. नंतर टेक्नो स्थिरावला तो बंदिस्त, आवाजरोधक खोल्यांत, जिथे खर्जावर कोणी हात ठेवत नाही. आजची तरुण मुले तिथे १५० बीपीएमच्या हार्ड टेक्नोवर तासन्‌तास नाचतात. तेव्हा वेग त्यांना झेपत नाही म्हणून सायट्रान्स संपला, हे बैठकीतले विधान माझ्या मते निराधार आहे. सायट्रान्स संपलेलाही नाही. हंगेरीतला ओझोरा आणि पोर्तुगालमध्ये १९९७ पासून भरणारा बूम हे महोत्सव गावांपासून दूर, रात्र आणि पहाट दोन्ही हाताशी असलेल्या माळरानावर भरतात आणि जगभरातून माणसे तिथे जातात.

बैठकीनंतर मी तक्रार करणाऱ्या घरी गेलो. ओळख सांगितल्यावर दार लागेल असे वाटले होते, पण तिथल्या मावशींनी मला आत बोलावून स्वयंपाकघरातली मांडणी दाखवली. स्टीलची ताटे उभी लावलेली होती आणि दोन ताटांच्या मध्ये कापडाच्या घड्या खुपसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गाणं कुठलं चाललंय ते आम्हाला कळत नाही बाबा, ताटं मात्र वाजतात. रविवार आला की मी हे फडके लावून ठेवते.” त्यांना ऐकू येत होता तो फक्त खर्ज, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मीटरला जो दिसत नव्हता तोच. मी पाठीमागे तीन फूट जागा मोकळी ठेवू शकलो असतो, तर त्या कापडांची गरज बरीच कमी झाली असती, आणि मैदानातला खर्जही मला इतका उतरवावा लागला नसता.

आयोजकांपुढे मी लेखी मागणी ठेवली आहे: या हंगामात एका रविवारी क्रम उलटा करावा, आफ्रो हाऊस दुपारी आणि सायट्रान्स वारा पडल्यावर सात ते दहा ठेवावा, मंचामागचा पडदा काढावा आणि दोन्ही काट्यांवरची नोंद दिवसभर घ्यावी. त्यानंतर मैदान रिकामे राहिले तर आवड बदलल्याचे मी मान्य करीन. सूर्यास्तानंतरची टेबले आफ्रो हाऊसच्या नावाने आधीच विकली गेली असल्याचे कारण सांगून क्रम बदलण्यास त्यांनी नकार दिला आहे. पडदा मागे सरकवण्याचे मात्र कबूल झाले आहे, आणि ‘सी’ काट्याची नोंद मी माझ्या लॅपटॉपवर घेणार आहे. ते आकडे मी बैठकीतही नेईन आणि मावशींच्या घरीही.